कॉम्प्युटरनं वाचलेला बायकोचा रिपोर्ट

बायकोला अग्नी देऊन आठ महिने झाले, तेव्हा अमरावतीच्या दवाखान्यातून तिला बोलवायला फोन आला.

फोनवरची पोरगी म्हणाली, "आजोबा, जुने रिपोर्ट आता आमचा कॉम्प्युटर वाचतो. डॉक्टरांच्या नजरेतून सुटलेला आजार शोधून देतो. आजींच्या मुतखड्याच्या रिपोर्टात फुफ्फुसाची गाठ सापडली. त्यांना तपासायला आणा."

"कोणाले आणू? राख झाली तिची."

मी म्हटलं, काय लिहिलं ते वाच. तिनं मराठीत करून सांगितलं. सिटी स्कॅन पोटाचा होता, पण वर फुफ्फुसाच्या खालच्या टोकाला बारीक गाठ दिसली. तीन महिन्यांनी पुन्हा पाहावं. हे कागदाच्या मधात होतं. डॉक्टरनं तेव्हा शेवटची ओळ वाचली, मुतखडा, अन् गोळ्या दिल्या. मी चौथी शिकलेला. इंग्रजी कागद पिशवीत टाकून आम्ही दर्यापूरची गाडी धरली.

पुढच्या साली ती खोकायला लागली. म्हणे, "अवो, एक डाव अमरावतीले दाखवता का?"

"एवढी मशीन लावली तुले, फक्त खडा निघाला. कामाच्या वक्तालेच खोकला येते काय व तुले?"

पुन्हा तिनं विचारलं नाही. थुंकीत रक्त आलं तेव्हा अकोल्याला नेली. तिथं डॉक्टर म्हणाले, उशीर झाला.

फोनचं मोठ्या पोराला सांगितलं. तो अकोल्याला नोकरीवर असतो, रविवारी जेवायला आला होता. त्याचे डोळे चमकले. "बाबा, केस करू. त्याइच्याच कॉम्प्युटरनं चुकी काढली."

"कर. वकिलानं इचारलं, बाई वर्षभर खोकलत होती, तवा घरचे काय करत होते, तं काय सांगशीन?"

"तुमी तं म्हणत होते, तिले काही तरासच नोयता!"

"लबाड बोललो. ती दवाखान्यात चाला म्हने, मीच नेलं नाही."

सुरू झालोच होतो, म्हणून उरलेलंही सांगितलं. शेतात सोयाबीन सोंगताना, कापणीच्या बायांपुढं मी तिच्या खोकल्याची नक्कल केली होती. बाया हसल्या. पदर तोंडाला लावून तीही हसली.

पोरगा भरल्या ताटावरून उठला. हात धुतला नाही. केससाठी तो इंग्रजी कागद मागायला तो अजून आलेला नाही.