बायच्या निळ्या पट्ट्या

एग्नेस गेल्याचा फोन आला तेव्हा मी उमेळ्याच्या वाडीत सोनचाफा खुडत होतो. फोन ठेवला आणि पुढची फुलं खुडत राहिलो... बातमी अनपेक्षित नव्हती. माझी ही मावसबहीण, आम्हा सगळ्या भावंडांची बाय, प्रयोगशाळेत संशोधन करायची. जेमतेम चव्वेचाळीस वर्षं जगली.

लोखंडाचे डोळ्यांना न दिसणारे कण ती बनवायची, शरीरातल्या एन्झाइमचं काम करणारे. ते कागदी पट्टीवर बसवायचे. रक्तात स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं प्रथिन सापडलं तर पट्टी निळी, नाहीतर पांढरी. "नकली, पण अस्सलाहून चिवट," असं ती कौतुकाने सांगायची. आमच्या दमट हवेत पट्ट्या टिकतात का, हे पाहायला ती त्या घरी आणायची. तुलनेला निरोगी माणसाचं रक्त लागायचं, म्हणून रविवारी चर्चमधल्या मिस्साच्या प्रार्थनेहून आली की स्वतःचंच बोट टोचायची. निरोगी माणूस घरात असताना बाहेर कशाला शोधायचा?

गेल्या पावसाळ्यानंतर पट्ट्या निळ्या पडू लागल्या. बाय वैतागली. आधी हवेला दोष दिला, मग पावडरीला. पावडर नव्याने बनवली, तरी निळीच. असे सहा रविवार गेले. ती वाळत चालली होती, ताटावरून अर्धवट उठत होती. मावशीने दोनदा बोलून दाखवलं. मी मात्र तिला "डाएट वाटतं" म्हणून चिडवलं. त्याची मला आज लाज वाटते.

सातव्या रविवारी ती म्हणाली, "तुझा एक थेंब दे रे." माझी पट्टी पांढरी राहिली. मी म्हटलं, "सुटलीस बाय, पावडर चांगली आहे तुझी." ती हसली नाही. दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून आपल्या बोटाकडे बघत राहिली... "हो," ती म्हणाली, "चांगली आहे." आत मावशी बोंबील तळत होती.

डॉक्टरांकडे गेलो तेव्हा फार उशीर झाला होता.

नंतर मावशीने बायचा पट्ट्या ठेवलेला बिस्किटांचा डबा माझ्याकडे दिला. प्रत्येक पट्टीवर तिच्या बारीक अक्षरात ‘निरोगी’. शेवटच्या निळ्या पट्टीवरचा तो शब्द खोडून तिने लिहिलंय, ‘एग्नेस’. शेजारी माझी पांढरी, तिच्यावर ‘निरोगी’ तसंच आहे. रोज सकाळी फुलं खुडायला निघण्याआधी मी डबा उघडतो, आणि माझी पट्टी अजून पांढरी आहे ना, ते बघतो.