लाटांच्या धड्याची डिस्क

घशातली गाठ काढायची तर स्वरयंत्रही काढावं लागेल, असं डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं. माझ्या यजमानांनी नुसती मान हलवली आणि कागदावर सही केली. ते लातूरला अकरावी-बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवायचे. क्लासचा हॉल कितीही भरलेला असो, माईक न घेता त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा. ऑपरेशननंतर ते शुद्धीवर आले, माझ्याकडं बघून ओठ हलवले, आणि काहीच ऐकू आलं नाही. तेव्हा मला कळलं की सही करताना आपल्याला काहीच कळलं नव्हतं.

घरी आल्यावर एक छोटी पांढरी पाटी आणि मार्कर त्यांच्या उशाशी ठेवला. पाटीवर ते मोजकं लिहायचे. पाणी. पंखा. बास. मी जास्त काही विचारलं की मार्करचं टोपण लावून भिंतीकडं तोंड करायचे.

त्याच दिवसांत मला एक खूळ लागलं. त्यांचा आवाज घरात कुठंतरी असलाच पाहिजे, तो शोधायचा. मी त्यांचा मोबाईल धुंडाळला. त्यांनी कुणाला कधी बोलून निरोप पाठवलेला नव्हता, सगळे लिहूनच. पुतण्याच्या लग्नाचा व्हिडिओ लावून बसले. दोन तास बघितल्यावर मांडवाच्या दारात ते दिसले. "या, या, जेवून घ्या," एवढंच बोलले आणि पुढं बँड सुरू झाला. तेवढाच तुकडा मी पुन्हा पुन्हा लावत राहिले. शेवटी लेकीनं पुण्याहून फोनवर दटावलं, "आई, पुरे कर. बाबांना ऐकू येत असेल."

पुढं रेडिएशनचा शेक घ्यायला आम्ही नांदेडच्या दवाखान्यात जाऊ लागलो. तिथं एक सिस्टर होती, किनवटकडची. पहिल्याच दिवशी ती यजमानांकडं बघतच राहिली. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "काकू, हे लातूरचे फिजिक्सचे सरच ना? आमच्या निवासी शाळेत सरांच्या डीव्हीडी लावायचे. मास्तर नव्हते आमच्याकडं. टीव्हीसमोर बसूनच शिकलो आम्ही."

मला आठवलं. क्लासेसचं पेव फुटलं होतं त्या काळात त्यांच्या संस्थेनं लेक्चरं कॅमेऱ्यात भरून घेतली होती आणि त्यांचे संच गावोगाव पाठवले होते. आमच्या वाट्याचा संच यजमानांनी कुणाला तरी देऊन टाकला होता. संस्थाही नंतर बंद पडली.

"लई आवडायचे सर," सिस्टर म्हणाली. "लाटांच्या धड्यात त्यांनी भूकंपाचं सांगितलं होतं. त्यांच्या गावचं, त्यांच्या आईचं. सगळा हॉल रडला होता बघा आमचा."

मी तिचा हात धरला.

भूकंपाबद्दल यजमान माझ्याशी कधीच बोलले नव्हते. मला माहीत होतं ते सगळं इतरांकडून. किल्लारीच्या बाजूला त्यांचं गाव. विसर्जन करून आलेली पोरं गणपतीच्या मंडपातच झोपली, म्हणून ते वाचले. घरात आई आणि लहान बहीण होती. लग्न होऊन आले तेव्हा मी एकदा विचारलं, तर जेवत्या ताटावरून उठले. पुन्हा मी विचारलं नाही. सासूबाईंचा साधा फोटोसुद्धा नाही आमच्याकडं. आणि हा माणूस ते सगळं अनोळखी पोरांसमोर, कॅमेऱ्यापुढं बोलला होता!

"ती डिस्क मिळेल का गं?" मी विचारलं.

"हाव, बघते की. आमच्या वॉर्डनबाई अजून तिथंच हायेत."

पुढच्या खेपेला तिनं डिस्क आणून दिली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. वर मार्करनं लिहिलं होतं, 'लाटा'. ती उन्हात धरून बघितली. कितीतरी वर्षं पोरांनी हाताळलेली ती डिस्क घासलेल्या तव्यासारखी झाली होती.

लातूरला आल्या आल्या लेकीचा जुना कॉम्प्युटर पुसून घेतला. ड्राइव्हचं तोंड उघडेना, तेव्हा त्याच्या बारीक भोकात टाचणी घालून उघडलं. डिस्क आत सरकवली. घरघर सुरू झाली, मग खट्‌खट्, मग शांतता. पडद्यावर आलं, डिस्क वाचता येत नाही.

मऊ फडक्यानं मधून कडेकडं पुसली. पुन्हा लावली. या वेळी फोल्डर दिसला. लेकीनं फोनवरून सांगितलं तसं व्हिडिओची फाइल करून देणारं सॉफ्टवेअर चालू केलं. हिरवी पट्टी हळूहळू पुढं सरकू लागली. मी देवाचं नाव घेत बसले. अर्ध्याच्या थोडं पुढं जाऊन पट्टी थांबली ती थांबलीच. जी अर्धवट फाइल तयार झाली ती उघडेचना.

मग मी काय काय नाही केलं! कुणी म्हणालं टूथपेस्ट लाव, लावली. शेजारच्या गल्लीत मुलांना खोल्या भाड्यानं देणारे एक काका होते, त्यांच्याकडून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. कॉम्प्युटरच्या दुकानात नेली तर तिथला माणूस डिस्क हातात न घेताच म्हणाला, "आता डीव्हीडी कोण बघतं मॅडम? द्या टाकून." मी रस्त्यात उभी राहून रडले. क्लास सुटलेली पोरं सायकली वळवून माझ्या बाजूनं निघून गेली.

यजमानांची तब्येत उतरत चालली होती. गाठ पुन्हा दिसत होती. मला वाटायचं, या माणसाच्या मनात जे आहे ते त्याच्याबरोबरच जाईल, आणि एवढी वर्षं संसार करून मी रिकामीच राहीन. दुपारी त्यांचा डोळा लागला की मी कॉम्प्युटरपुढं बसायची. ड्राइव्ह खट्‌खट् करायचा आणि मी डिस्क काढून पुन्हा पुसायची.

शेवटी लेकीनं दुसरा एक प्रोग्रॅम शोधून दिला. तो घाई करत नाही. जिथं वाचता येत नाही ती जागा सोडून पुढचं उचलतो, आणि मागं येऊन सुटलेलं पुन्हा वाचायला बघतो. तो लावला आणि एका दुपारी फाइल झाली.

पडद्यावर काळ्या केसांचे यजमान उभे राहिले. हातात खडू. "बघा पोरांनो," ते म्हणाले, आणि मी तोंडावर पदर दाबला. "भूकंपाच्या दोन लाटा असतेत. पहिली ढकलत येते, ती पळकी. दुसरी हलवत येते, ती मागून येते, पण घरं पाडते ती हीच. तुम्ही लांब असाल तर दोन्हीच्या मधी जरा वेळ मिळतो. आमचं गाव इतकं जवळ होतं की मधी वेळच नव्हता. मी मंडपात होतो. आई आणि बहीण घरात होत्या. मी पळालो, पण—"

चित्राचे चौकोन झाले. आवाज तुटला. मग एकदम स्वच्छ चित्र आलं आणि ते म्हणाले, "तर लाटेचा वेग माध्यमावर अवलंबून असतो. लिहून घ्या."

मधलं गेलं होतं. मी पुन्हा लावलं, पुन्हा प्रोग्रॅम चालवला. तेवढाच तुकडा काही केल्या येईना. मी टेबलावर डोकं ठेवलं.

मागं पाय वाजले. यजमान दारात उभे होते. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. मला वाटलं आता चिडतील. ते आले, खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले आणि बोटानं खूण केली, लाव.

मी लावलं. त्यांनी तरण्या वयातल्या स्वतःला बोलताना ऐकलं. तुटलेली जागा आली तेव्हा मी हात जोडले. "अहो, इथं काय म्हणाला होता? एवढं तरी लिहा."

त्यांनी पाटी घेतली. लिहिलं, "काही नाही."

"असं कसं? ती सिस्टर म्हणाली, सगळा हॉल रडला."

त्यांनी पुसलं आणि लिहिलं, "मी गप्प उभा होतो. बोलता आलं नाही."

मी तशीच उठून सिस्टरला फोन लावला. ती म्हणाली, "खरंय काकू. पुढं सर बोललेच नाहीत. नुसते फळ्याकडं बघत उभे राहिले. आम्हाला वाटलं टीव्हीच बंद पडला. मग सरांनी डोळे पुसले, तेव्हा कळलं."

ज्या जागेसाठी मी एवढा आटापिटा केला, तिथं शब्दच नव्हते.

मी फोन ठेवून परत आले तर ते लिहीत होते. पाटी माझ्याकडं सरकवली. बारीक अक्षरात होतं, "दगडाखालून ती दादा म्हणत होती. मी हातानं माती उकरत होतो. उजाडल्यावर गप्प झाली. आई आधीच गेली होती." खाली बहिणीचं नाव. त्या घरात एवढी वर्षं नांदून मी ते नाव पहिल्यांदा वाचलं.

मी पुढं एक शब्द विचारला नाही. त्यांचा हात धरून बसले. ऑपरेशनात त्यांच्या घशाला ठेवलेल्या छिद्रातून श्वासाचा घर्र घर्र आवाज येत होता आणि दोघांचेही डोळे वाहत होते. पाटी तशीच ठेवावी असं मला फार वाटलं. पण त्यांनी शर्टाच्या बाहीनं ती स्वतःच पुसली.

दिवाळीच्या आधी ते गेले. सिस्टरनं नंतर किनवटहून आणखी काही डिस्क मिळवून पाठवल्या. प्रकाश, उष्णता, विद्युतधारा. दुपारी जेवण झालं की मी एखादी लावून बघते. काही उघडतात, काही नाही. जी उघडते तिची फाइल आधी लेकीला पाठवते, मग बिघडलेले तुकडे कापून ठेवते. परवा तिचा फोन आला. म्हणाली, "आई, विद्युतधारेत बाबा खोकलेत बघ एकदा. तो भाग कापू नकोस."