एकच काळी रेघ

मे महिना अर्धा सरला तरी मिशिगन तळ्यावरचा वारा काही ऐकत नव्हता. पाच-सहा मैल आत गेलं की लोक नुसत्या सदऱ्यावर हिंडत होते, आणि आमच्या गावात, ऐन काठाला, बोलताना तोंडातून वाफ निघत होती. धुकं असं दाट की शेजारच्या डेमास्टरच्या गोठ्यातल्या गाई नुसत्या ऐकू यायच्या. अशा सकाळी हार्लन टेनहाकननं शेडचं दार सरकवलं, लोखंडी शेगडीत दोन ओंडके सारले, आणि रॉकेलच्या घमेल्यात गाडीच्या प्लेटा धुवायला बसला.

दारातच चर्चच्या कबरस्थानाचं गवत कापायचं यंत्र पडलं होतं. मेमोरियल डेला सगळं गाव आपापल्या माणसांच्या कबरींवर फुलं घेऊन जातं, त्याच्या आत गवत बारीक व्हायला हवं. यंत्राचं पातं बोथट झालं होतं आणि विल्मर डेमास्टर रोज येऊन आठवण करून जात होता. पात्याला धार लावायला तासही लागला नसता. पण हार्लनच्या हाताला ते काम धरवत नव्हतं.

आमच्याकडच्या गोठ्यांतली दूध काढायची यंत्रं दुरुस्त करण्यात या माणसाचा जन्म गेला. अंगानं आडवा, बोलायला कंजूष. लोक म्हणायचे, हार्लनच्या तोंडून शब्द काढण्यापेक्षा भाकड गाईचं दूध काढणं सोपं. यंत्रांच्या जोडीला ट्रॅक्टरांचे मागचे अॅक्सल तो उघडायचा. त्यांत सगळ्यांत अवघड दुखणं म्हणजे डिफरन्शियल, दोन्ही चाकांना इंजिनाचा जोर वाटून देणारा डबा, आणि ते त्याच्याच शेडमध्ये यायचं. रविवारी मात्र शेडला कुलूप. आमच्या गावात जुन्या डच घरांतून रविवारी कुणी गवतसुद्धा कापत नाही.

एकच लेक, मार्ला. लहानपणी उलट्या बादलीवर बसून बापाच्या हातात पाने द्यायची. पुढं चीजच्या कारखान्यात दूध तपासायच्या कामाला लागली, आणि पहिल्या वर्षीच एका शेतकऱ्याच्या कोठारातून तिनं एक इटालियन कूपे, दोन दारांची बसकी गाडी, उचलून आणली. पन्नास वर्षांची म्हातारी अल्फा, हळदीच्या रंगाची, मागच्या सीटवर कोंबड्यांनी घातलेली घरटी. लोइसनं, म्हणजे तिच्या आईनं, घरटी बघून विचारलं होतं की अंडी किमतीत धरलीत की वेगळी. बापलेकीनं ती गाडी उभी केली आणि मार्ला जुन्या गाड्यांच्या शर्यतीत उतरायला लागली. शर्यत रविवारी, त्यामुळे हार्लननं लेकीची एकही शर्यत पाहिली नव्हती. शनिवारी सरावाला जायचा, कुंपणाला धरून उभा राहायचा, आणि संध्याकाळी परत यायचा.

या गाडीच्या मागच्या चाकांची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. वळणावर आतलं चाक हलकं होतं, आणि इंजिनाचा जोर मोठा लबाड. उताराच्या पाण्यासारखा सोपं असेल तिकडे पळतो. मग आतलं चाक जागच्या जागी गरगरतं आणि गाडी रडत बसते. असं होऊ नये म्हणून या गाडीच्या डिफरन्शियलच्या पोटात प्लेटांची चवड असते. काही प्लेटांना बाहेरून कान असतात, त्या डब्याबरोबर फिरतात. काहींना आतून दात, त्या चाकाच्या दांड्याबरोबर. एक कानवाली, एक दातवाली, अशी आळीपाळीनं चवड लावली की त्या एकमेकींना घासतात आणि दोन्ही चाकं एकमेकांचा हात सोडत नाहीत. पण कानवालीला कानवाली चिकटवली तर त्या दोघी सख्ख्या बहिणींसारख्या एकत्र फिरतात. घासाघास नाही, आणि धरूनही ठेवत नाहीत. डबा बंद केला की बाहेरून दोन्ही सारखंच.

कंपनीनं दिलेली चवड मार्लाला सैल वाटायची. म्हणून गेल्या वर्षी वसंतात हार्लननं जास्तीच्या प्लेटा घालून ती घट्ट करून दिली होती. उन्हाळाभर पोरगी वळणातून गोफणीतल्या दगडासारखी सुटायची. मग सप्टेंबरातला एक रविवार आला, पावसाचा. उपदेश चालू असताना चर्चचा सेवक वाकून वाकून बाकांमधून आला आणि त्यानं हार्लनच्या खांद्यावर हात ठेवला. सगळ्या चर्चनं ते पाहिलं. शर्यतीत मार्लाची गाडी भिंतीवर आदळली होती. कंबरेचं हाड मोडलं होतं.

दवाखान्यात तिच्या मागून येणारा एक गाडीवाला भेटायला आला होता. भला माणूस, धीर द्यायला म्हणून बोलला, की तिची काही चूक नव्हती, मागची दोन्ही चाकं एकदम सुटली, रस्त्याची पकड सोडून घसरली. लोइसच्या त्यातलं काहीच लक्षात राहिलं नाही. हार्लनला मात्र तेवढे दोनच शब्द ऐकू आले. दोन्ही चाकं. ज्यांना त्यानं स्वतःच्या हातानं एकमेकांना बांधलं होतं, ती.

हिवाळाभर मार्ला काठीनं चालली, आणि एप्रिलात काठी कोपऱ्यात ठेवून म्हणाली, मे अखेरच्या शर्यतीत मी उतरणार. मित्रांनी पत्रा नीट केला होता. अॅक्सल बापाच्या शेडमध्ये आला, सोबत नव्या प्लेटा. गेल्या वर्षीसारखीच लाव, एवढंच ती म्हणाली. हार्लननं मान हलवली.

आणि त्या धुक्याच्या सकाळी, शेडचं दार आतून ओढून घेऊन, त्यानं कानवालीला कानवाली लावली, दातवालीला दातवाली. सगळ्या प्लेटा आत गेल्या, एकही उरली नाही. डबा बंद केला आणि हात धुतले. दोनदा धुतले.

या गाडीवाल्यांत एक रीत आहे. ज्यानं अॅक्सल बांधला त्यानं तो तपासायचा नाही. जो चालवणार त्यानं तपासायचा. एक चाक जमिनीवर, दुसरं उचललेलं, आणि उचललेल्या चाकाला टॉर्क पाना लावून फिरवायचं. किती जोर लावल्यावर सुटतं ते काट्यावर दिसतं. मार्लानं पाना लावला. चाक फारच सहज फिरलं. तिनं काट्याकडे पाहिलं, मग बापाकडे.

"नव्या आहेत," हार्लन चिंध्यांना हात पुसत म्हणाला. "बसल्या की आवळतील."

बापानं सांगितलं म्हटल्यावर मार्लानं तेल भरायला घेतलं.

नव्या प्लेटा बसवायच्या तर गाडी हळूहळू इंग्रजी आठाच्या आकारात फिरवावी लागते, डावीकडे एक फेरी, उजवीकडे एक, म्हणजे तेल प्लेटांच्या पोटात शिरतं. आमच्याकडे त्याला एकच मोकळी जागा, चर्चपुढचं डांबरी पटांगण. पास्टरांची हरकत नसते, फक्त प्रार्थनेच्या वेळी नको. मंगळवारी संध्याकाळी मार्ला तिथं आठ काढत होती आणि हार्लन पायऱ्यांवर उभा होता. विल्मर आपला पात्याचा तगादा घेऊन आलाच. वय झालेला, कवळी खिशात ठेवून हिंडणारा हा माणूस. त्याची जीभ मात्र तरुण.

"पातं कधी देतोस? गवत एवढं माजलंय, परवा माझी बायको तिच्या आईची कबर शोधत बसली. मी म्हटलं, राहू दे, सापडली तर परत बोलायला लागेल."

हार्लन हसला नाही. फेऱ्या संपवून मार्लानं गाडी वळणात घेतली आणि बाहेर पडताना जोर दिला. चाक किंचाळलं. डांबरावर काळी रेघ उमटली.

विल्मरनं मान तिरकी करून ती बघितली. "काय रे हार्लन, इटलीची गाडी म्हणतोस आणि ओढतंय एकच चाक? हे तर माझ्या बापाच्या ट्रॅक्टरसारखं झालं. एक बैल राबतोय, दुसरा चरतोय."

तो हे नेहमीच्या आवाजात बोलला, म्हणजे अख्ख्या पटांगणाला ऐकू जाईल अशा. गाडीची काच खाली होती. मार्लानं इंजिन बंद केलं. उतरली, आणि लंगडत त्या रेघेच्या कडेनं चालत गेली, पार टोकापर्यंत. डाव्या चाकाची रेघ होती. उजव्या चाकाच्या जागी कोरं डांबर.

विल्मरला काहीतरी बिनसलं एवढं कळलं. गुरांचं पाणी बघायचं राहिलं म्हणत तो निघाला.

मार्ला पायऱ्यांपाशी आली. "नव्या प्लेटा आधी आवळ असतात आणि मग सैलावतात," ती म्हणाली. "मला कुणी शिकवलं हे, पा?"

हार्लननं त्या रेघेकडे पाहिलं.

"कशा लावल्यास?"

"जोडीनं," तो म्हणाला. "कानवालीला कानवाली."

ती पायरीवर बसली. तिला बसतानाही हात टेकावा लागला, ते हार्लननं पाहिलं. मग हार्लननंच त्या दवाखान्यातल्या माणसाचं सांगितलं. दोन्ही चाकं एकदम सुटली, आणि ती मी बांधली होती, असं. हिवाळाभर पोटात धरलेलं ते, दोन वाक्यांत संपलं.

"मी वळणात अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला होता," मार्ला म्हणाली. "भिऊन. पावसात तिथं उचलायचा नसतो. तुझ्या प्लेटांमुळं गेले की माझ्या पायामुळं, मला माहीत नाही. कुणालाच कळायचं नाही आता. पण पा, या शर्यतीत मी त्या वळणात एक गाडी समजून शिरले असते आणि खाली दुसरीच निघाली असती. भिंत तीच असती."

हार्लनचा चेहरा ओल्या डांबरासारखा झाला.

"तुला नाही जमणार तर सांग," ती म्हणाली. "मी दुसऱ्याकडे नेईन."

त्या रात्री जेवताना वाटाण्याचं सूप गार होईपर्यंत तो चमचा फिरवत बसला. लोइसला लेकीनं फोनवर सगळं सांगितलं होतं. ती एवढंच म्हणाली, की जाऊ नको म्हणायचं होतं तर तोंडानं म्हणायचं. तोंडानं म्हटल्यावर ती ऐकणार होती का, असं हार्लननं विचारलं. लोइस म्हणाली, नसतीच ऐकली, टेनहाकनांची आहे. तरी तोंडानं म्हणायचं. आणि त्याच्यापुढचं सूप उचलून गरम करायला नेलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं मार्लाला निरोप धाडला, की दुसरीकडे नेऊ नको. अॅक्सल पुन्हा खाली आला, डबा पुन्हा उघडला. कारखान्यातून सुटल्यावर मार्ला आली आणि न विचारता उलट्या बादलीवर बसली. प्लेटा तिच्या मांडीवरच्या फडक्यात. ती एकेक पुढं करायची आणि नाव घ्यायची, लहानपणी पान्यांची घ्यायची तसं. तो तेलात बुडवून आत ठेवायचा.

"कानवाली."

"दातवाली."

"कानवाली."

अर्धी चवड झाली. मार्लानं पुढची प्लेट धरली. हार्लननं ती घेतली नाही. त्याचे हात डब्याच्या कडेवर तसेच राहिले. शेडच्या पत्र्यावर वारा आपटत होता.

"जाऊ नको, मार्ला," तो म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. प्लेट धरलेला तिचा हात तसाच पुढं होता.

"ऐकलं मी," ती म्हणाली.

मग जरा वेळानं, हळूच, "दातवाली."

हार्लननं ती घेतली, तेलात बुडवली आणि जागेवर ठेवली. उरलेली चवड दोघांनी न थांबता लावली. चाकाला पाना तिनंच लावला. या वेळी तिला भिंतीला पाय देऊन जोर करावा लागला, तेव्हा कुठं चाक सुटलं. पटांगणावर दोन रेघा उमटल्या, शेजारी शेजारी, सारख्या काळ्या. हार्लन त्या बघायला गेला नाही. त्यानं पायऱ्यांवरूनच पाहिल्या.

शुक्रवारी सकाळी मार्ला गाडी ट्रेलरवर चढवून निघाली. लोइसनं ब्राटच्या सॉसेजा आणि बेकरीतले कडक पाव बांधून दिले, वर मोहरीची बाटली. हार्लननं ट्रेलरचे पट्टे ओढून पाहिले. मग दुसऱ्या बाजूला जाऊन तिकडचे ओढले, आणि परत येऊन पहिले.

"आवळलेत, पा," मार्ला ट्रेलर ओढणाऱ्या गाडीतून म्हणाली.

"हो."

"रविवारी येतोस?"

"रविवार आहे," हार्लन म्हणाला.

"माहीत आहे म्हणूनच विचारलं," ती म्हणाली, आणि काच वर केली.

ट्रेलर मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत तो दारात उभा राहिला. धुकं विरलं होतं, पण तळ्याच्या अंगानं आभाळ काळवंडत चाललं होतं. विल्मर कुंपणापाशी येऊन टेकला. या खेपेला पात्याचं काही बोलला नाही. थोडा वेळ आभाळाकडे बघत बसला आणि मग म्हणाला, "शनिवारी रात्रीपासून लागणार म्हणतोय रेडिओ. रविवार सगळा पावसाचा."

हार्लननं गवत कापायचं यंत्र कुशीवर कलंडवलं. खालचा नट गंजून बसला होता. पान्यावर दोन ठोके दिले तेव्हा सैल झाला.

"मग गवत आजच कापून घे," तो म्हणाला.

त्यानं पातं काढलं, चिकटलेलं वाळकं गवत बोटानं खरवडून टाकलं आणि धार लावायचा दगड चालू केला. ठिणग्या त्याच्या बुटांवर पडत होत्या. एक बाजू झाली. धार अंगठ्याला लावून बघितली, आणि पातं उलटं करून दुसरी बाजू धरली.