बाबांच्या ट्रकची नवी बत्ती

गॅरेजच्या गल्लीत तिला सगळे ठिणगी म्हणायचे. लहानपणी वडिलांच्या ट्रकच्या बॅटरीवर तिने पाना आडवा टाकला होता. असा काही जाळ उडाला की तिची एक भुवईच गेली. पळून जायचं सोडून पोरगी म्हणाली, "परत!" तेव्हा चिकटलेलं हे नाव तिचं लग्न झालं, गाड्यांच्या वायरिंगचं स्वतःचं दुकान झालं, तरी काही सुटलं नाही.

वडिलांचं टोपणनाव भोंगा. एकदा घाटात हॉर्न बंद पडला, तर खिडकीतून मान बाहेर काढून प्रत्येक वळणावर स्वतःच ओरडत ते खाली उतरले होते. वखारीतून लाकडाच्या फळ्या भरायच्या आणि डोंगरापलीकडच्या गावांत पोचवायच्या, यात त्यांचं उभं आयुष्य गेलं. गल्लीभरच्या गाड्या ठिणगीच्या हातून दुरुस्त होऊन जात, पण बापाचा ट्रक मात्र कधी तिच्या दारात लागला नाही. "घरच्या माणसानं काम बिघडवलं तर शिव्या कुणाला द्यायच्या?" असं म्हणून ते दुसरीकडे जात. ती हसायची, पण मनाला लागायचं.

ट्रकचे मीटर तर केव्हाच मेले होते. एकाची काच फुटलेली, दुसऱ्याचा काटा झोपलेला. "इंजिन तापलं की माझ्या नाकाला कळतं, काट्याला कशाला विचारू?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

म्हणूनच त्या सकाळी दारात ट्रक उभा करून ते म्हणाले, "सगळे मीटर बदल. मोठे बसव, आतून उजेड पडणारे. पुढची बत्तीही बदल. पांढरीशुभ्र पाहिजे," तेव्हा तिचा कानांवर विश्वास बसेना.

"आज सूर्य कुठून उगवला बाबा?"

"तुझ्या दुकानावरून. कामाला लाग."

ती पदर खोचून कामाला लागली. डॅशबोर्ड उघडला आणि आतलं दृश्य बघून तिने कपाळावर हात मारला. कडक होऊन तडकलेल्या वायरी, त्यांवर ठिकठिकाणी गुंडाळलेली चिकटपट्टी, आणि एका जागी तर चक्क बुटाची नाडी! तिने सगळं मुळापासून काढलं. नवी जाड वायर ओढली. बत्तीचा सगळा भार जुन्या बटणावर पडू नये म्हणून मध्ये रिले घातला. तेलाचा दाब, पाण्याची उष्णता, बॅटरी, डिझेल, प्रत्येकाचा वेगळा गोल मीटर बसवला. बाबांनी आपल्यावर काम टाकलं या आनंदात तिला भुकेचंही भान राहिलं नाही.

बाहेरून हात फिरवताना मात्र ती थबकली. ट्रकची डावी बाजू जागोजागी चेपलेली होती. रंगाचे ओरखडे ताजे होते. डावा आरसा तारेने बांधलेला होता. उजवी बाजू मात्र धड होती.

"हे काय झालं?"

"लोकांना गाडी चालवता येते का हल्ली? घासून जातात," बाबा म्हणाले आणि वळताना शेजारच्या स्टुलाला धडकले. स्टूल आडवं झालं. "हे इथे कुणी ठेवलं?" म्हणून ते तिच्यावरच डाफरले. स्टूल सकाळपासून तिथेच होतं.

बत्ती लागली तेव्हा समोरची भिंत दुधासारखी उजळली. शेजारचा पंक्चरवाला डोळ्यांवर हात धरून ओरडला, "ठिणगे, आंधळं करतेस का!" सगळे हसले. बाबा हसले नाहीत. ते भिंतीकडे बघत म्हणाले, "अजून वाढवता येईल?"

"याच्यापुढे समोरचा ड्रायव्हर उतरून मारेल तुम्हाला."

दिवस कलताना ती त्यांच्या शेजारी बसून ट्रक फिरवून बघायला निघाली. मीटरवर निळसर उजेड पसरला होता, सगळे काटे आपापल्या जागी उभे होते. बाजारामागच्या रस्त्याला डाव्या कडेने एकजण हातगाडीवर प्लास्टिकच्या खुर्च्यांची उतरंड रचून चालला होता. ठिणगीला तो लांबूनच दिसला. बाबा वेग कमी करतील म्हणून ती गप्प बसली. वेग कमी झाला नाही.

"बाबा, हातगाडी!"

"कुठे?"

तिने दोन्ही हातांनी स्टिअरिंग उजवीकडे ढकललं. बाबांनी ब्रेक दाबला, पण ट्रकचा कोपरा हातगाडीला लागलाच. खुर्च्या रस्ताभर उधळल्या. माणूस बाजूला फेकला गेला, गुडघे फुटले, पण उठून उभा राहिला. मग त्याने तोंडाचा पट्टा सोडला, तो थांबेना. ठिणगी खाली उतरून त्याची माफी मागत राहिली, खुर्च्या गोळा करत राहिली. परत चढून बसली, तेव्हा बाबा समोर बघत म्हणाले, "उजेड कमी पडतोय. अजून वाढव."

रस्त्यावर तेव्हा चांगलं दिसत होतं. बत्तीची गरजही नव्हती.

"कधीपासून दिसत नाही बाबा?"

"समोरचं सगळं दिसतं."

"आणि बाजूचं?"

त्यांनी गिअर टाकला. ट्रक दुकानापाशी लावला आणि एवढंच म्हणाले, "आईला सांगू नकोस."

"थोडं काम राहिलंय, ट्रक आज इथेच राहू दे," ती म्हणाली. ते गेल्यावर तिने इंजिन चालू करणाऱ्या सेल्फची, स्वतःच्या हाताने जोडलेली वायर स्वतःच्या हाताने काढली आणि पिशवीत टाकली.

सकाळी बाबा आले. किल्ली फिरवली. नवे मीटर झळाळून उठले, पण सेल्फ लागेना. त्यांनी पुन्हा फिरवली, पुन्हा पुन्हा फिरवली. मग खाली उतरले.

"वायर दे."

"नाही."

"माझा ट्रक आहे!"

"आणि काल ज्याला पाडलंत, तो कुणाचा तरी बाप असेल."

"घरी बसून काय करू मी? भिंतीशी गप्पा मारू?" सगळ्या गल्लीने कामं थांबवली होती. भोंग्याचा आवाज एवढा चढलेला कुणी ऐकला नव्हता आणि मग तो एवढा उतरलेलाही. "तुझ्याकडे काम दिलं, तीच चूक झाली," ते हळू म्हणाले आणि पायीच निघून गेले.

ती आईकडे गेली. आई भांडी विसळत होती. सगळं ऐकूनही तिने मागे वळून बघितलं नाही.

"पाण्याचा पेला मी आता त्यांच्या हातातच देते," ती म्हणाली. "बाजूला ठेवला तर कोपर लागून सांडतो."

"म्हणजे तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर ते घरी बसले असते. आणि घरी बसले असते तर..." आईने पुढचा पेला विसळायला घेतला.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे त्यांना दोघींनी मिळून नेलं. काचबिंदू. डोळ्यातली शीर वाळत चालली होती, कडांचं दिसणं गेलं होतं, ते परत येणार नव्हतं. थेंब नेमाने घातले तर उरलेलं टिकवता येईल, असं डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. उजेड कितीही वाढवला तरी उपयोग नव्हता.

"ट्रक?" बाबांनी एवढंच विचारलं.

"नाही काका. आता नाही."

घर त्या ट्रकवरच चालत होतं, म्हणून वखारीतल्याच एका ओळखीच्या ड्रायव्हरला तो चालवायला दिला. पहिल्या दिवशी ट्रक दारावरून गेला तेव्हा बाबा आतल्या खोलीत जाऊन बसले. ठिणगीशी बोलणं त्यांनी टाकलं होतं. आईचा हात कापायचा, थेंब डोळ्यात न पडता कानशिलावर जायचे, म्हणून दुकान बंद केल्यावर ठिणगीच यायची. ते खाटेवर उताणे पडत. ती पापणी वर धरून थेंब घाली. दोघांचे चेहरे वीतभर अंतरावर, आणि शब्द एकही नाही. मग ती हात धुऊन आपल्या घरी जाई. नवऱ्याने "काय म्हणाले?" विचारलं की तिला रडू येई.

असे कितीतरी दिवस गेले. एकदा थेंब घालून ती उठत होती, तर डोळे मिटलेलेच ठेवून बाबा म्हणाले, "तो घाटात उतरताना गिअर काढून गाडी नुसत्या ब्रेकवर सोडतो का?"

तिला क्षणभर कळेना कोण, काय. "कोण, ड्रायव्हर?"

"मग कोण, मी?"

"नाही सोडत. चांगला चालवतो."

"खोटं बोलतेस."

"मला माहीत नाही बाबा. विचारते उद्या."

"विचारून काय सांगणार आहे तो? ब्रेकचा ड्रम हात लावून बघ. चटका बसला तर समज, सोडतो."

"बरं."

त्यांनी कूस बदलली, भिंतीकडे तोंड केलं. ती दारात थोडी थांबली. ते आणखी काही बोलतील असं तिला वाटलं होतं. मग हात धुऊन ती घरी निघाली.