दर अर्ध्या तासाला आईला विचारलेले प्रश्न

माझ्या पायाला भिंगरी आहे, असं आई म्हणते. तिच्याही आहे, पण ती फक्त काठ काढायच्या आधी. कुंभकोणमच्या घरी बसून ती दारासुरम्‌च्या विणकरांसाठी रेशमी साड्यांचे काठ काढते, चौकटींच्या कागदावर एकेक चौकट पेन्सिलीने भरत. त्याआधी मात्र तीन-चार दिवस कागदाला हातही लावत नाही. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडते, भांडी आपटते, मागच्या दारी जाऊन उगाच परत येते. त्या दिवसांत तिच्याशी कुणी बोलायचं नाही, ही आमच्या घरची रीत. मग एका सकाळी ती बसते आणि जेवणाआधी काठ तयार असतो.

चेन्नईत मानसशास्त्र शिकून मी हेच मोजायला निघाले. माणसाला नवं कसं सुचतं आणि त्याचा स्वभावाशी काय संबंध, हा माझ्या प्रबंधाचा विषय. बाहेर कशाला शोधायचं, घरात आई आहेच की! प्रश्नावली, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या आमच्या घरच्या जुन्या वळणाच्या मराठीत करून तिच्यापुढे ठेवली. 'मी शांत स्वभावाची आहे' यापुढे तिने 'पूर्ण मान्य' अशी खूण केली आणि उठून कुकरचं झाकण आदळलं. मला हसू आवरेना.

मग तिला नव्या काठाचं काम आलं, त्या दिवसापासून मोबाइलवर दर अर्ध्या तासाचा गजर लावला. गजर झाला की मी वही घेऊन हजर. आत्ता मनात काय आहे? अस्वस्थता पाचापैकी किती? काही सुचलं का? लेकीचा अभ्यास म्हणून ती बिचारी हातातलं टाकून, डोळे मिटून, नीट विचार करून उत्तर द्यायची. वडिलांनी मला एकदा बाहेर बोलावलं, तिला सोड म्हणाले. मी कसली ऐकते! मला शुक्रवारच्या आत तक्ता भरायचा होता.

चौथा दिवस गेला, पाचवाही गेला. विणकराचा फोन आला; माग रिकामा आहे, साडी लग्नाची आहे, असं तो तमिळमध्ये अजिजीने सांगत होता. आई कागद घेऊन बसली. चार चौकटी भरल्या, खोडल्या. तेवढ्यात गजर झाला. काही सुचलं का, मी विचारलंच.

"तू विचारलंस की मी आत बघायला जाते," ती हळू म्हणाली. "आणि बघायला गेलं की तिथे काहीच नसतं गं."

मी गजर बंद केला, पण फार उशिरा. दुसऱ्या दिवशी तिने एक जुनाच काठ उतरवून काढला आणि टाउन बसने जाऊन देऊन आली. इतक्या वर्षांत असं कधी केलं नव्हतं. विणकर काहीच बोलला नाही, हेच तिला फार लागलं. मला स्वतःची चीड आली, तरी तक्ता मी जमा केलाच. एकही रकाना रिकामा नाही म्हणून मार्गदर्शक बाईंनी कौतुक केलं.

दोन महिन्यांनी आईचा फोन आला. नव्या काठाचं काम मिळालंय, म्हणाली. मग म्हणाली, "या आठवड्यात तू घरी येऊ नकोस."

मी तिकीट काढून ठेवलं होतं. बरं, म्हणाले.