शालनताईंनी काढलेला चेहरा

मालवणातल्या फ्लेक्सच्या दुकानात मी कामाला लागले, त्या पहिल्याच दिवशी शालनताईंनी माझा हात माऊसवरून उचलला आणि कीबोर्डवर ठेवला. "मेनूत शोधीत रव नको गो. बोटांका रस्तो दाखव, तीं आपसूक जातली." दोन हजार चार-पाच सालची गोष्ट. दुकानात त्यांच्याइतकं झपाट्यानं डिझाइन करणारं कुणी नव्हतं. गिऱ्हाईक चहा पिऊन उठेपर्यंत बॅनर छपाईला गेलेला असे.

काँप्युटरवरची रेष टिंबं जोडून बनते; ती टिंबं कमीत कमी ठेवायची, म्हणजे रेष गुळगुळीत राहते, हे त्यांनीच शिकवलं. मी समई काढत बसले की ओरडायच्या, "अख्खी कित्याक काढतं? अर्धी काढ. उरलेली काँप्युटर देतलो." अर्धी समई आरशातल्यासारखी उलटवून जोडली की झाली पुरी. त्यांना तसली बचत मनापासून आवडे. हसतानासुद्धा त्या थोडक्यातच हसत.

त्यांचा नवरा ट्रॉलरवर खलाशी होता. दिवाळीआधीच्या वादळात ट्रॉलर बुडाला. फळ्या किनाऱ्याला लागल्या, माणसं लागली नाहीत. ताई कामावर येत राहिल्या. कुंकू लावत राहिल्या.

पुढच्या वर्षी त्यांचा दीर दुकानात आला. उंबऱ्यावरच उभा राहून म्हणाला, "वयनी, आता तो येवचो नाय. आवशीनपण मानल्यान. श्रद्धांजलीचो बॅनर लावया."

ताई स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाल्या, "मी करतंय. दुसऱ्या कोणाक दिव नको."

नवऱ्याचा फोटो एकच होता. लग्न देवळात फोटोशिवाय उरकलेलं, ओळखपत्र त्याच्याबरोबर समुद्रात गेलेलं. नारळी पौर्णिमेला बोटीवर काढलेल्या घोळक्याच्या त्या फोटोत त्याचा चेहरा नखाएवढा होता, आणि त्यातही अर्धा शेजाऱ्याच्या वर केलेल्या हाताआड. मोठा केला की नुसते चौकोन दिसत. म्हणून ताईंनी तो रेषांनी काढायला घेतला. दिसणारी बाजू साधली. भुवई, गाल, मिशीचा कोपरा. मग झाकलेल्या बाजूपाशी त्या थांबल्या.

"ह्या बाजूक काय होता गो?" त्यांनी मला विचारलं. मी तर त्याला कधी पाहिलंही नव्हतं.

त्यांनी टिंबं घातली, पुसली, पुन्हा घातली. दुपारचा डबा तसाच राहिला. दिवेलागणीला मालक म्हणाले, छपाई आज व्हायला हवी. तेव्हा ताईंनी तो अर्धा चेहरा उचलला, उलटवला आणि जोडला. सुबक, नीटस, दोन्हीकडून सारखा माणूस तयार झाला.

बॅनर बंदराच्या नाक्यावर लागला. लोक म्हणाले, बरो काढल्यान. सासूला रिक्षातून आणलं होतं. ती बराच वेळ मान वर करून बघत राहिली आणि तिनं सुनेला विचारलं, "ह्यो कोण गो?"

"तुमचो झील, आये."

म्हातारी मागे वळली. रिक्षात जाऊन बसली.

त्यानंतर ताई दोन-चार दिवसच कामाला आल्या. शेवटच्या दिवशी काँप्युटर बंद करून खुर्चीतच बसून राहिल्या. मी जवळ गेले तेव्हा म्हणाल्या, "डोळे मिटलंय की आता ह्यो बॅनरवरचोच दिसता गो. माजो तो येणा नाय."