जळकं गॅस्केट परत बसवायचं नाही म्हणजे नाही

वडिलांच्या ट्रॅक्टरबद्दल मुलीनं किती बोलावं? खरं सांगते, मला माहीत नाही.

आज मात्र बोलले. आमच्या जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन अंगणात उघडलंय. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधलं पाणी अडवणारं पातळ पॅकिंग, जळून ऑइलमध्ये पाणी शिरलं होतं. मी मंचरहून नवं गॅस्केट आणलं, तरी मिस्त्रीकाका जुनंच चुलीवर तापवून बसवायला निघाले.

"तांब्याचं हाय. लाल केलं की नव्यासारखं मऊ व्हतं."

"काका, दोन सिलिंडरमधली ही पट्टी बघा. जळून दोऱ्याएवढी राहिलीय."

"बीए केलं म्हंजी इंजिन कळाया लागलं व्हय?"

"बीएला इंजिन नव्हतं काका. पण जळालेलं दिसतं मला."

अण्णा, म्हणजे माझे वडील, मिस्त्रींच्याच बाजूनं. "नवं पत्र्याचं असतंय, टिकत न्हाई. हेच तापवून दोनदा चाललंय."

"आणि आता गेलं ना, अण्णा? कांद्याची रोपं लावायला आलीत. रान तयार करताना परत पाणी शिरलं तर?"

"बघू," म्हणत दोघं चहाला आत गेले.

आमच्या घरातलं 'बघू' म्हणजे जुनंच चालू राहणार. डोळ्यांना दिसत असूनही गप्प बसायचं, तर मी शिकले कशाला? मैत्रिणींनो, तुम्ही काय केलं असतं?

मी पत्रा कापायची कात्री घेतली आणि ते बाहेर यायच्या आत जुन्या गॅस्केटचे मधोमध दोन तुकडे केले.